पिंजऱ्यातला पाळणा

एखाद्या प्राणिसंग्रहालयात वाघिणीला वा सिंहिणीला पिल्ले झाली की दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात. नावे सुचविण्याचे जाहीर आवाहन होते, बारशाचा थाट उडतो, रविवारी प्रेक्षकांची रीघ लागते. या उत्सवात आम्ही वृत्तपत्रवालेही मागे नसतो, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. परंतु तीनचार वर्षांनी त्या गोजिरवाण्या पिल्लाचा पूर्ण वाढीचा वाघ झाल्यावर तो कोठे राहतो, त्याला जागा कोणी दिली, त्याच्या आहाराचा खर्च कोण सोसतो, ही बातमी सहसा कोणी छापीत नाही. बंदिवासातील वाघसिंहांच्या प्रश्नाची खरी मेख या न छापलेल्या बातमीत आहे.

वाघीण सुमारे साडेतीन महिन्यांत विते आणि एका वेतात बहुधा दोन ते चार पिल्ले देते. अरण्यात त्यांतील बरीचशी भूक, रोगराई आणि परक्या नराचा हल्ला यांना बळी पडतात. प्राणिसंग्रहालयात यांपैकी कशाचेच भय नसल्याने बहुतेक जगतात, आणि पंधरा-वीस वर्षे जगतात. एका वाघाला दिवसाला आठ किलो मांस धरले आणि आठवड्याचा एक उपवास वजा केला, तरी पंधरा वर्षांत हा हिशेब सदतीस हजार किलोंच्या पुढे जातो. शिवाय वाघ हा एकलकोंडा प्राणी. वयात आलेले दोन नर एका आवारात नांदत नाहीत. प्रत्येकाला वेगळी कोठडी, वेगळे अंगण आणि वेगळा राखणदार लागतो. म्हणजे पिल्लांच्या जन्माने प्राणिसंग्रहालयाच्या वैभवात भर पडते असे आपण समजतो, तेव्हा वस्तुत: त्याच्या डोक्यावर पंधरा-वीस वर्षांचे कर्ज चढलेले असते.

हे कर्ज विचार न करता काढले म्हणजे काय होते, याचा धडा चंदीगडनजीकच्या छतबीर प्राणिसंग्रहालयाने दिला आहे. १९८०च्या दशकात तेथे गीरच्या वंशातील सिंहांचा सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या सिंहांशी संबंध आला. संतती झपाट्याने वाढली, प्रेक्षक खूश झाले. पण पुढच्या पिढ्यांत प्रकृतीने खालावलेले, मागील पायांनी दुबळे असे सिंह दिसू लागले. ते ना धड आशियाई, ना धड आफ्रिकी. संवर्धनाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. अखेर २०००च्या सुमारास त्यांची पैदास थांबविण्यात आली आणि उरलेल्यांना नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळण्याचे काम तेवढे शिल्लक राहिले. असा घोटाळा आपल्याकडेच झाला असे मात्र नव्हे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांच्या रक्षणासाठी मोठ्या साक्षेपाने चालविलेल्या योजनेतील पाच मूळ सिंहांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे होते, हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि त्या योजनेतील सिंहांच्या शुद्धतेचा दावा कोसळला. वंशावळीची नोंद नसेल वा खोटी असेल, तर वर्षानुवर्षांचे कष्ट एका तपासणीत मातीमोल होतात, हा त्यातला बोध.

पांढऱ्या वाघाची कथा याहून उद्बोधक आहे. १९५१ साली रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्याचा पुढे त्याच्याच मुलीशी संयोग घडविण्यात आला आणि १९५८ साली पहिली पांढरी पिल्ले जन्मली. आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत मिरविणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांची वंशावळ या एका नरापर्यंत जाऊन पोचते. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. ते एका जनुकीय बदलाचे फळ आहे, आणि त्या बदलाबरोबर तिरळेपणासारखे दृष्टिदोषही येतात. तो रंग टिकविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांत संबंध घडविले गेले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना अशी पैदास करण्यास मनाई केली. आपल्याकडे मात्र पांढरा वाघ अद्याप मानाचा पाहुणा मानला जातो. पांढरा हत्ती पोसणे या म्हणण्याचा अर्थ आपल्याला कळतो. पांढऱ्या वाघाच्या बाबतीत तो कळण्यास आणखी किती काळ लागणार आहे?

नियमांचा तुटवडा आहे म्हणावे, तर तसेही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. २००९च्या नियमांनी एकाच प्राण्याच्या भिन्न वंशांतील संकरास मनाई केली आहे, आणि झपाट्याने वाढणाऱ्या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नर-मादी वेगळे ठेवणे, नसबंदी यांसारखे उपाय योजण्याची जबाबदारी प्राणिसंग्रहालयांवर टाकली आहे. प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवाचून देवघेव करता येत नाही. १९९८ साली सर्कशीत वाघसिंहांचे खेळ करण्यावर बंदी आली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा सर्कशींतून सुटलेल्या शेकडो प्राण्यांसाठी बचाव केंद्रे उभारावी लागली. त्यांतील सिंह बहुतांशी संकरित असल्याने त्यांची पैदास होऊ न देता त्यांना आमरण पोसणे, हाच मार्ग पत्करण्यात आला. तो खर्चाचा होता, पण न्याय्य होता.

या ठिकाणी युरोपातील एका प्रसंगाची आठवण होते. मार्च २०१४मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने नवा नर आणावयाचा म्हणून आपले चार सिंह ठार केले. त्यांत दोन वृद्ध होते आणि दोन त्यांची वर्षाच्या आतली पिल्ले होती. पिल्ले होऊ द्यावीत, मातेला त्यांचे संगोपन करू द्यावे आणि जागा नसेल तर वेदनारहित मरण द्यावे, असा तेथील विचार आहे. त्याला एक रोखठोक तर्कशुद्धता आहे, हे नाकारता येणार नाही. आपल्या नियमांनी मात्र दयामरणाची मुभा केवळ असह्य यातना भोगणाऱ्या प्राण्यापुरती ठेवली आहे, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. परंतु मारावयाचे नाही असे एकदा ठरविले, की जन्माचा विचार दुप्पट काटेकोरपणे करावा लागतो. जो समाज निरोगी प्राण्याला मारणार नाही आणि त्याला जागाही देणार नाही, तो त्याला अंधाऱ्या कोठडीत जन्मठेप देतो. तिला अहिंसा म्हणणे ही आत्मवंचना होय.

बंदिवासातील पैदास सरसकट बंद करावी, असे आमचे म्हणणे नाही. आशियाई सिंहाचे नैसर्गिक वसतिस्थान आज जगात एकच उरले आहे. २०२५च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह आढळले, ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि २०१८ साली गीरमध्ये रोगाची साथ आली, तेव्हा काही आठवड्यांतच वीसहून अधिक सिंह दगावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलविण्याचा आदेश दिला होता. तो अमलात आला नाही, आणि २०२२ साली कुनोत आफ्रिकेतून चित्ते आले. अशा स्थितीत जुनागढच्या सक्करबागेसारख्या जुन्या संस्थेने शुद्ध वंशाचे सिंह जोपासणे हा देशाने उतरविलेला विमाच आहे. २०२२ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गुजरातेतून सिंहांची जोडी आली आणि बदल्यात वाघांची जोडी तिकडे गेली, तशी नोंदीनिशी झालेली देवघेवही उपयुक्तच असते. प्रश्न पैदाशीचा नाही. ती कोणत्या हेतूने होते, याचा आहे.

यास्तव आमची सूचना साधी आहे. जोडी एकत्र सोडण्यापूर्वी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली जावीत. नर-मादीची वंशावळ निर्विवाद आहे काय? होणाऱ्या पिल्लांना मोठेपणी कोणते प्राणिसंग्रहालय घेणार आहे? तेथे आवार बांधून तयार आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी नसतील, तर पाळणा हलू देऊ नये. नराची नसबंदी केल्याने आयाळ झडते अशी भीती काही ठिकाणी आढळते. ती खच्चीकरणाच्या बाबतीत खरी आहे. केवळ वाहिनी बांधल्याने सिंहाचे रूप बिघडत नाही. आणि एका प्राणिसंग्रहालयाने दुसऱ्याकडे वाघ सोपविताना केवळ पिंजरा व कागदपत्रे पाठवून हात झटकू नयेत. तेथील आवाराच्या खर्चात काही वर्षे वाटा उचलावा. कन्येला सासरी धाडल्यावर तिची विचारपूस न करणारे माहेर आपण चांगले म्हणत नाही.

गोमंतकीयांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपले बोंडला अभयारण्य अवघे आठ चौरस किलोमीटरचे आणि तेथील प्राणिसंग्रहालय त्याहून कितीतरी लहान. पर्यटकांसाठी तेथे मोठे प्राणी आणण्याचा विचार जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा वरील प्रश्न आधी विचारले पाहिजेत. आणि त्यांच्या जोडीला आणखी एक. जानेवारी २०२०मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या परिसरात चार वाघ विषप्रयोगाला बळी पडले. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतच्या क्षेत्रात तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तर राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पिंजऱ्यात जन्मलेला, माणसाच्या हातून मांस खाऊन वाढलेला वाघ सत्तरीच्या रानातील त्या चार वाघांची जागा कधीही घेऊ शकणार नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाचे भयही नसते. रानातला वाघ गमावून पिंजऱ्यातल्या बछड्यांचे बारसे करीत बसणे आपल्या राज्याला शोभणारे नाही. उद्या कोठल्याही प्राणिसंग्रहालयातून पिल्लांचे छायाचित्र आमच्या कचेरीत आले, तर त्याखाली त्यांच्या जन्मतारखेबरोबर त्यांचा भावी पत्ताही छापण्याची आमची तयारी आहे. तो पत्ता पाठविणे हे संबंधितांचे कर्तव्य आहे.