नवं म्हणजे चांगलंच?

मैत्रिणींनो, 'सुधारणा' म्हटलं की चांगलं झालं हे आपण आधीच धरून चालतो. शंका काढणारी बाई लगेच मागासलेली ठरते! फिनलंडमध्ये सरकारी सुधारणेला 'ऊदिस्तुस' म्हणतात. 'ऊसी' म्हणजे नवं, त्यावरून हा शब्द. नवं केलंय, एवढंच तो सांगतो. चांगलं की वाईट, ते आपण बघायचं. मला हे प्रामाणिक वाटतं.

ऑगस्ट २०२२ पासून तिथे पालकांच्या रजेचे नियम असेच नवे झाले. आई-बाबांना प्रत्येकी १६० दिवसांचा भत्ता. त्यातले ६३ दिवस दुसऱ्याला देता येतात. उरलेले ९७ बाबांनी घेतले नाहीत, तर बुडाले. याला मात्र मी बेधडक सुधारणा म्हणेन. आता रजेवरचा बाप दुपटी धुतो की पेपर वाचत बसतो, हे कायद्याला कुठून दिसणार!