मगे ह्येंका तरास कसलो?

स्वस्तातल्या राक्षसपटांची टिंगल करणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते राक्षसपट बनवणाऱ्यांशी त्याहून मोठं भांडण आहे. आज दोन्ही एकदमच उरकून घेतो.

हे सिनेमे तुम्ही पाहिलेत, नाही म्हणू नका. टीव्हीपुरते बनवलेले, हिंदीत डब होऊन रविवारी दुपारी लागणारे. एक शास्त्रज्ञ, एक लष्करी अधिकारी, एक गोदाम आणि गोदामात उजेडाचं एक भोक. त्या भोकातून माणसं भूतकाळात जातात, काहीतरी बिनसतं, आणि परत येताना त्यांच्या मागोमाग एक डायनासोर येतो. उरलेला वेळ तो शहरभर फिरतो आणि लोक पळतात. २००८ सालचा 'हंड्रेड मिलियन बीसी' अगदी ह्याच मापाचा. 'द असायलम' नावाच्या कंपनीचा. त्याच वर्षी 'टेन थाउजंड बीसी' नावाचा मोठा सिनेमा आला होता, म्हणून ह्यांनी नावात हजाराचे दहा कोटी केले. (मोठ्या सिनेमाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून आपला माल खपवणं हा त्या कंपनीचा जुनाच धंदा.)

त्यातला डायनासोर वाईट आहे का? आहे. रस्त्यावर चालतो पण त्याचे पाय रस्त्याला टेकत नाहीत. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे नव्हते, पाय टेकले नाहीत, विषय संपला. माझी तक्रार ही की ज्या गोष्टीला पैसे लागतच नाहीत, तीही ह्यांनी केलेली नाही. ती म्हणजे विचार. काळात मागे जाऊन माणसाने काहीतरी बिघडवलं, तर काय बिघडलं, कुणाचं बिघडलं, ते कुणाला भरावं लागलं? काहीच नाही. कालयंत्र म्हणजे ह्यांना प्राणी बाहेर काढायचं नुसतं दार. त्याच्या जागी बर्फातून निघालेला प्राणी दाखवला असता तरी सिनेमाला फरक पडला नसता.

सगळ्यात कहर २०१८ सालचा. 'शार्कनेडो' ह्या मालिकेतला सहावा आणि शेवटचा भाग. २०१३ साली पहिल्या भागात वादळातून शार्क मासे उडत आले तेव्हा मीही पोट धरून हसलो होतो, खोटं कशाला बोलू. सहाव्यात नायक काळातून उड्या मारत डायनासोरांच्या युगात जातो, मध्ययुगात जातो, पुढे कुठे कुठे जातो, सगळीकडे शार्क. आणि शेवटी? सगळं पहिल्यासारखं. मेलेले जिवंत, वादळ कधी झालंच नाही. आमच्या तोंडवलीच्या काकीने हा शेवट माझ्याबरोबर अर्धवट डोळ्यांनी पाहिला. ती म्हणाली, "सगळां पयल्यासारख्यां झालां? मगे ह्येंका तरास कसलो?"

ह्याहून नेमकं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, स्वस्तात एवढंच मिळणार. साफ चूक. रे ब्रॅडबरीची 'अ साउंड ऑफ थंडर' ही गोष्ट १९५२ सालची. शिकारी डायनासोर मारायला भूतकाळात जातो, ठरलेल्या वाटेवरून पाऊल चुकतं, बुटाखाली एक फुलपाखरू मरतं. परत येतो तर पाटीवरचं स्पेलिंग बदललेलं आणि निवडणूक भलताच माणूस जिंकलेला. सगळी भीती त्या पाटीत आहे. २००५ साली त्यावर सिनेमा आला. बजेट आठ कोटी डॉलरच्या घरात. मधेच निर्मिती कंपनी बुडाली, त्यामुळे शेवटचं काम कसंबसं उरकलं. पडद्यावर दिसतात ते सरडा आणि माकड एकत्र शिवल्यासारखे प्राणी. म्हणजे पैसे असूनही प्राणी वाईट होऊ शकतो आणि गोष्ट त्याहून वाईट होऊ शकते.

उलट बाजूला बीबीसीचं 'डॉक्टर हू' बघा. १९६३ साली सुरू झालं तेव्हा हातात पैसे इतके कमी की कालयंत्र म्हणून पोलिसांची निळी टेलिफोन-पेटी वापरली. दर गोष्टीत नवं रूप परवडणार नव्हतं, म्हणून 'रूप बदलणारं यंत्रच बिघडलंय' असं कथेतच सांगून टाकलं. ते यंत्र निघतानाचा घरघर आवाज पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढलेला. त्यांच्या सगळ्यात भयंकर राक्षसाच्या, डालेकच्या, हाताच्या जागी मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप! तरी इंग्लंडातली पोरं सोफ्यामागे लपत होती.

आणि २००५ सालचा 'फादर्स डे' हा भाग तर अगदी आपल्याच विषयाचा. टीव्ही, राक्षस, कालप्रवासातली चूक, तिन्ही आहे. रोज नावाची मुलगी १९८७ सालात जाते, कारण तिचे वडील त्या साली गाडीखाली मेले होते आणि ती तेव्हा तान्ही होती. ती त्यांना ओढून वाचवते. कोण नाही वाचवणार? पण काळाला जखम होते आणि त्या जखमेतून पंखवाले राक्षस येतात. राक्षस काही फार चांगले वठलेले नाहीत, सांगून ठेवतो. पण ते तिच्या प्रेमातून आलेत. शेवटी वडिलांनाच कळतं की आपण जिवंत असणं हीच गडबड आहे, आणि ते आपण होऊन त्या गाडीसमोर जातात. हा भाग काकीला सांगितला असता तर तिने तो प्रश्न विचारला नसता.

आपल्याकडे ह्या जातीची गोष्ट नाही असंही नाही. भागवतातला ककुद्मी राजा मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, चांगला जावई कोण ते विचारायला. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून दोघं थोडा वेळ थांबतात. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसतो. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटून गेलीत, मनात धरलेली स्थळं सोडाच, त्यांच्या नातवंडांची नावंही उरली नाहीत. एक गाणं ऐकल्याची एवढी किंमत! रेवतीचं पुढे बलरामाशी लग्न झालं हे खरं, पण बापाचा काळ परत मिळाला नाही. राजा तपाला निघून गेला. ह्यात खर्च काय? शून्य.

आणि म्हणूनच टिंगल करणारी मंडळी माझ्या डोक्यात जातात. ह्यात आपल्या घरातलीही आहेत, त्यांनी ओळखून घ्यावं. मुंबईहून येतात, दशावतार बघायला बसतात आणि दहा मिनिटांत कुजबुज, "ह्यापेक्षा शार्कनेडो परवडला." कारण काय, तर सिंहासन म्हणून लाकडी बाकडं ठेवलंय. अरे, तेच बाकडं पुढच्या प्रवेशात रथ होतं, डोंगर होतं. संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे. एक पेटी, एक पखवाज, झांज. रंग आपला आपण लावायचा. आणि पहाटेपर्यंत गाव जागचा हलत नाही, कारण राक्षसाने वर मागितला की त्या वराची किंमत कुणीतरी मोजणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ती मोजली जाते. स्वस्त दिसलं की हसायचं ही सवय त्या सिनेमांनी लावली. खोटा शार्क आणि बाकडं एकाच पंक्तीला बसवलं.

इथे राहणाऱ्याला 'सगळं पहिल्यासारखं' ह्या शेवटाचा राग जरा जास्तच येतो. तोंडवली-तळाशीलला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात समुद्र ती खातो. माड मुळासकट पडतो तो कुठल्याही यंत्राने उभा राहत नाही. बंधारा मागून मागून लोक थकले. (मोठ्या बजेटचे मासे दाखवायला सी वर्ल्ड येणार होतं इथे. गावाने विरोध केला, ते कागदावरच राहिलं.) ज्याचं अंगण असं गेलंय त्याला कालप्रवासाची गोष्ट सांगायची तर जपून सांगावी लागते. तो पहिला प्रश्न काकीचाच विचारणार.

तेव्हा हसणाऱ्यांनो, दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील तेव्हा या आणि पुढच्या रांगेत बसा. सुरुवातीला काळ्या वेषातला शंखासुर येतो, त्याने वेद पळवलेले असतात. मालवणीत बोलतो, आणि हसणाऱ्यांना तो नाव घेऊन गाठतो.