फटफटीच्या नळीतली झडप

महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांत एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. पोलिसांनी मोटारसायकलींवरून उतरविलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा. त्यांत बुलेटच्या नळ्या फार. तिकडे त्यांना 'इंदोरी', 'पंजाबी' अशी नावे पडली आहेत. भारताच्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिने आवाजाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. ज्या घरातले मूल रात्री दचकून उठते त्या घराला रोडरोलर पाहून बरे वाटणारच.

मात्र सारा दोष नळी बदलणाऱ्या पोराचा आणि कारखाना सोवळा, हा समज तपासून पाहिला पाहिजे. त्यासाठी गाडीच्या पोटात थोडे डोकवावे लागेल.

इंजिनाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी जी झडप असते तिच्याविषयी येथे बोलणे नाही. आपली झडप त्यापुढे, नळीच्या वाटेत बसविलेली असते. एक लहान विजेची मोटर तारा ओढून तिला उघडते व मिटते. यामाहा कंपनीने 1987 साली एफझेडआर 400 या गाडीवर ती 'एक्झप' नावाने आणली. दट्ट्याच्या दर दोन फेऱ्यांना धुराचा एक लोट नळीतून सुटतो, आणि नळीच्या तोंडाशी पोहोचला की त्याची लाट उलटून मागे येते. इंजिनाच्या काही फेऱ्यांना ती लाट धूर ओढून घेते, काही फेऱ्यांना उलट धूर आतच ढकलते. झडप अर्धवट मिटली की ही उलटी लाट मवाळ होते आणि कमी फेऱ्यांवरही गाडीची ओढ टिकते. म्हणजे झडपेचा जन्म ताकदीसाठी झाला. आवाज आवरण्याचे काम तिच्याकडे नंतर आले.

आले कसे, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी युरोपात 175 घनसेंटीमीटरवरच्या गाडीला 80 डेसिबलची मर्यादा होती. गाडीने ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने चाचणीच्या पट्टीत शिरायचे, पूर्ण मूठ पिळायची, आणि साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोनने आवाज मोजायचा. परीक्षेचा प्रश्न एकच आणि तोही आधीच फुटलेला! गाडीतल्या संगणकाला गिअर, वेग, फेऱ्या सारे ठाऊक असते. तेवढ्या टप्प्यात झडप मिटलेली ठेवावी आणि पुढे सताड उघडावी, हे त्याला अवघड नव्हते. कागदावर गाडी शांत, रस्त्यावर गर्जना, आणि कायदा कोठेही मोडलेला नाही.

हे ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या 41 व्या नियमावलीत सुधारणा झाली, आणि युरोपात 2016 पासून युरो-4 टप्प्याबरोबर ती नव्या नमुन्यांना लागू झाली. ताकदवान गाड्यांची मर्यादा 77 डेसिबल ठरली, ताशी 20 ते 80 किलोमीटरच्या पट्ट्यात इतर वेगांवरही आवाज तपासण्याची सोय झाली, आणि निव्वळ चाचणी उत्तीर्ण होण्यासाठी बसविलेल्या करामतींना मनाई झाली. तरी वरच्या वेगाचा प्रश्न उरलाच होता. डेसिबलचा हिशेबही सरळ नसतो: 77 वरून 87 वर जाणे म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट, कानाला साधारण दुप्पट.

आता नळी बदलणाऱ्याकडे येऊ. झडप काढून टाकली की गाडीचा संगणक तक्रार करतो. ती गप्प करणारा एक लहानसा खोटा जोड बाजारात मिळतो. नळीच्या टोकातला आवाज दाबणारा तुकडा तर एका स्क्रूवर असतो. कमी फेऱ्यांवरची ओढ बहुधा घटते, पण कानाला गाडी जोरकस वाटते. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 1994 साली आपल्या इंजिनाचा आवाजच व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला होता (2000 साली मागे घेतला). खुद्द कारखानदारच जर आवाज विकतात, तर वीस वर्षांच्या पोराने तो विकत घ्यावा यात आश्चर्य ते काय?

मोठ्या आवाजाने जीव वाचतो, असे ही मुले सांगतात. हॅरी हर्ट यांच्या 1981 च्या अमेरिकन अहवालात 900 हून अधिक अपघातांची तपासणी आहे, आणि धोक्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक समोरच्या 45 अंशांच्या आत आढळले. नळीचे तोंड मागे असते. हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

सरकारांचे उपाय मात्र एकसारखे नाहीत. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने 2020 च्या उन्हाळ्यात काही डोंगरी रस्त्यांवर कागदोपत्री 95 डेसिबलहून अधिक आवाजाच्या मोटारसायकलींना बंदी केली. हा आकडा गाडी उभी करून नळीपासून अर्ध्या मीटरवर मोजलेला असतो. तेव्हा मूळ स्थितीतली, हळू चालविलेली गाडी अडते. आणि कागदावर 93 असलेली, पण झडप काढलेली गाडी त्या बंदीतून निसटते. पॅरिसने 2022 मध्ये चार मायक्रोफोनांचे 'मेड्यूझ' यंत्र रस्त्यावर लावून चाचणी सुरू केली. नळी बदललेली एक स्कूटर रात्री शहर ओलांडताना 10,000 लोकांना जागे करू शकते, असा तेथील ब्रुइपारिफ संस्थेचा अंदाज आहे. मला पॅरिसची वाट अधिक न्याय्य दिसते, कारण ती कागद न पाहता आवाज मोजते.

आपल्या मॉरिशसला हे का लागू? आपण गाड्या बनवीत नाही, बाहेरून आणतो. म्हणजे परक्या चाचणीचे आकडेही गाडीबरोबर येतात. शामारेलच्या वळणांवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ पिळून चढते, तेव्हा त्या आकड्याचा रस्त्याकडेच्या घराला काय उपयोग? शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी पुण्यात नाही: खारी हवा. किनाऱ्यालगत ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर गंजून भोके पडतात. मूळ भाग महाग, म्हणून हॉटेलातून रात्रपाळी करून घरी येणारा गडी स्वस्तातली पोकळ नळी लावतो. त्याचा आवाज आणि हौसेने झडप काढणाऱ्याचा आवाज यंत्रावर सारखाच दिसेल.

रोडरोलर त्या दोघांत फरक करणार नाही. तपासणाऱ्याला करता येईल. हौशी पोराचा मूळ सायलेन्सर बहुधा घरी खाटेखाली पडलेला असतो; गाडी अडकवून ठेवली तर तो दुसऱ्या दिवशी हजर होतो. गंजलेल्या नळीवाल्याला दुरुस्तीची मुदत द्यावी लागेल. आणि ते खोटे जोड, त्या पोकळ नळ्या ज्या दुकानांतून उघड्यावर विकल्या जातात, त्यांच्या दारात कोणी कधी जाणार, हे विचारायला हवे.