ऱ्हास म्हणण्यापूर्वी ऐका : 'रश'चा उत्तरकाळ

१/ उदय, सुवर्णकाळ, ऱ्हास. कोणताही कालखंड या तीन कप्प्यांत बसवण्याची इतिहासलेखनाला जुनी खोड आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकचा इतिहासही असाच सांगितला जातो: १९७० चे दशक वैभवाचे, पुढचे सारे तळटिपेत. कॅनडातील 'रश'चा २०१२ चा अल्बम 'क्लॉकवर्क एंजल्स' ही मांडणी खोटी ठरवतो, असे माझे मत आहे.

२/ बँडची स्थापना १९६८ ची, टोरांटोची. १९७४ पासून तेच तिघे: गेडी ली (गायन, बास, कीबोर्ड), अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) आणि नील पिअर्ट (ड्रम्स, गीतलेखन). '२११२' (१९७६) आणि 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१) हे त्यांचे कीर्तिस्तंभ. रूढ कथा बहुधा इथेच थांबते.

३/ मात्र उत्तरकाळाचे खरे बीज १९९४ नंतर पडले. ड्रमवादकांचा आदर्श मानला जाणारा पिअर्ट चाळिशी उलटल्यावर फ्रेडी ग्रुबर या गुरूकडे शिकायला गेला. काठी धरण्याची पद्धतही त्याने बदलली. दोन आघातांमधली हाताची हालचाल नव्याने घडवली. पुढे पीटर अर्स्किन या जाझ वादकाकडेही धडे घेतले.

४/ या शिक्षणाचे फळ 'क्लॉकवर्क एंजल्स'मध्ये ऐकू येते. पूर्वी पिअर्ट प्रत्येक आघात आधी निश्चित करून, घोटून मगच ध्वनिमुद्रणाला बसे. येथे त्याने पूर्वतयारी मुद्दाम मर्यादित ठेवली. निर्माता निक रॅस्क्युलिनेच समोर उभा राहून काठीने इशारे देई आणि पिअर्ट त्या क्षणी सुचेल ते वाजवी. साठीच्या उंबरठ्यावर त्याने नेमका आपला सर्वांत भक्कम आधार सोडला.

५/ 'हेडलाँग फ्लाइट' ऐका. सात मिनिटांहून अधिक काळ तिन्ही वाद्ये एकमेकांना पुढे रेटतात, तरी कोणी कोणाच्या आड येत नाही. हे कसब चार दशकांच्या सहवासातूनच येते.

६/ संपूर्ण अल्बमभर एकच कथा सांगण्याचीही ही त्यांची पहिलीच वेळ. '२११२'ची कथा तबकडीच्या एका बाजूपुरती होती. व्हॉल्तेअरच्या 'कांदीद'चा प्रभाव येथे स्पष्ट आहे. २०१२-१३ च्या दौऱ्यात तर तंतुवाद्यवृंद सोबत घेऊन या त्रयीने प्रथमच मंचावर इतरांना जागा दिली.

७/ उणिवाही आहेत. ध्वनिमिश्रण दाट आहे. कित्येक ठिकाणी बारकावे त्या गर्दीत हरवतात. लीचा एकेकाळचा तारस्वरही आता उरलेला नाही. पण उणीव दाखवणे निराळे आणि न ऐकताच 'ऱ्हास' ठरवणे निराळे.

८/ एक सावधगिरी. पिअर्ट ७ जानेवारी २०२० रोजी गेला आणि हाच त्यांचा अखेरचा स्टुडिओ अल्बम ठरला. त्यामुळे 'द गार्डन' या शेवटच्या गीतात आज अनेकांना निरोप ऐकू येतो. शेवट ठाऊक असल्यामुळे होणारा हा भास आहे. २०१२ मध्ये हे तिघे समारोप करत नव्हते, काम करत होते.

९/ म्हणून विनंती एवढीच: कोणत्याही कलावंताचा उत्तरकाळ त्याच्या तारुण्याच्या मापाने मोजू नका. त्या काळात तो नवे काय शिकला, ते आधी शोधा.