घर लाम्बांचं, भाषा पाहुण्यांची

झांबियातल्या तांब्याच्या खाणी ज्या मुलखात आहेत, तो मुळात लाम्बा लोकांचा. आज तिथल्या खाणशहरांत, एन्डोला काय नि लुआन्श्या काय, बाजारात कानावर पडते ती मात्र बेम्बा. १९२०च्या दशकापासून खाणी वाढल्या, ईशान्येकडून बेम्बा मजूर आले आणि त्यांची भाषा सगळ्यांचीच झाली. बरेच लाम्बा लोक खाणीत उतरण्यापेक्षा शेतातला माल मजुरांना विकत. तर त्यांच्यावर शिक्का बसला ‘आळशी’! शेतात राबणारा आळशी कसा हो?

गंमत म्हणजे पुस्तकांच्या बाबतीत ही भाषा नशीबवान. क्लेमेंट डोक हे मिशनरी १९१४ साली तिथे गेले. त्यांनी १९२७ साली लाम्बा लोककथा छापल्या, १९३८ साली व्याकरण. पुढे १९५९ साली संपूर्ण बायबलही आलं. पण सरकारी शाळा-रेडिओसाठी झांबियाने ज्या सात प्रादेशिक भाषा धरल्या, त्यांत लाम्बा नाही. लाम्बा मुलांना शाळेत ‘स्थानिक भाषा’ म्हणून मिळते ती बेम्बाच.

दोन्ही भाषा जवळच्या, मुलांना कळतं, मग बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. कळतं हे खरं. पण आजीची भाषा वर्गात चालत नाही, हेही त्यांना तिथेच कळतं. मग ती आपल्या मुलांशी कुठल्या भाषेत बोलतील?

म्हणून मला वाटतं, कपाटातल्या व्याकरणापेक्षा पहिलीतलं एक लाम्बा पुस्तक जास्त मोलाचं. तुम्हाला काय वाटतं?