सुट्टी आणि हातांचे शिक्षण

स्मरणिका म्हटली, की तिच्यात संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, परीक्षांच्या निकालांचे तक्ते असतात, दात्यांविषयीची कृतज्ञता असते. या सर्वांना त्यांचे स्थान आहेच. परंतु निवासी शाळेच्या जीवनातील एका महत्त्वाच्या कालखंडाविषयी अशा ग्रंथांतून क्वचितच लिहिले जाते. तो कालखंड म्हणजे सुट्टी. दिवाळीतील काही आठवडे आणि उन्हाळ्यातील महिना-दीड महिना आमची मुले आमच्यापाशी नसतात, ती आपल्या आईवडिलांपाशी असतात. गावातल्या शाळेत जाणारे मूल रोज संध्याकाळी घरी परतते. आमचे मूल वर्षातून जेमतेम दोन महिने घरी राहते. म्हणून या दोन महिन्यांत घरात काय घडते, हा प्रश्न आम्ही शिक्षणाचाच मानतो आणि त्याविषयी पालकांशी येथे मोकळेपणाने बोलू इच्छितो.

सुट्टी जवळ आली, की पालक हमखास विचारतात, "गुरुजी, इतके दिवस पोरांना गुंतवायचे तरी कशात?" शहरांत या प्रश्नाचे उत्तर विकत मिळते. तेथे छंदवर्ग असतात, शिबिरे असतात, रंगीत खोक्यांतून येणारे हस्तकलेचे साहित्य असते. आपल्या बहुसंख्य पालकांना ते परवडणारे नाही. त्यामुळे आपण मुलांना काही देऊ शकत नाही, अशी रुखरुख त्यांच्या मनात राहते आणि अखेरीस मुलाच्या हाती मोबाइल जातो. त्याबद्दल पालकांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. दिवसभर मजुरी करून आलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याला छंदवर्ग म्हणतात त्याचे बरेचसे साहित्य आणि बरेचसे शिक्षक आपल्या घरातच आहेत. रोज संध्याकाळी एक तास मूल आणि घरातील एखादे मोठे माणूस एकत्र बसून हाताने एक वस्तू घडवितील, तर त्या सुट्टीचे सार्थक होईल.

हे म्हणताच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो आदराने ऐकावा असा आहे. आपल्या समाजाला हातकामाचा इतिहास सुखाचा नाही. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, मेलेली जनावरे ओढणे, गावकीची पडेल ती कामे करणे, हे सारे जन्मासोबत गळ्यात पडत होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्या कामांतून सुटण्यासाठी आजोबा-पणजोबांनी गावाचा रोष पत्करला, बहिष्कार सोसला, त्याच कामांकडे नातवंडांना शाळेने का वळवावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

या भीतीला आधारही आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. तीनुसार मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ आईवडिलांचा व्यवसाय शिकण्यात घालवावा, असे ठरले. पेरियार रामसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे म्हणून कडाडून विरोध केला. चांभाराच्या मुलाने चपला शिवण्यास आणि न्हाव्याच्या मुलाने हजामत करण्यासच शिकावे, हाच तिचा अर्थ लोकांना दिसला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. हस्तोद्योगाचे गोडवे गाताना हा धडा विसरता येणार नाही. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे आणि त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचविले आहे. ही कल्पना चांगली आहे. मात्र कोणाचे मूल कोणाकडे शिकावयास जाते, हे पाहिल्याशिवाय ती न्यायाची ठरणार नाही.

तरीही आम्ही हातकामाचा आग्रह धरतो, त्याचे कारण सांगावयास हवे. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जन्मावरून काम ठरविणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा केली आणि तिच्यात माणसाच्या आवडीला व कुवतीला जागाच नाही, हे दाखवून दिले. त्यांचा रोख सक्तीवर होता. दोर वळणाऱ्या बोटांत कौशल्य होते. अन्याय होता तो त्या बोटांना पाटी-पेन्सिल नाकारण्यात आणि त्यांच्या श्रमाला हीन लेखण्यात. आता अक्षर आपल्या हाती आले आहे. अशा वेळी हाताचे काम हलकेच, असे आपण मुलांना शिकविले, तर ज्यांनी आपल्याला हलके ठरविले त्यांचाच निवाडा आपण मान्य केल्यासारखे होईल. मंगल सुत्तात भगवान बुद्धांनी उत्तम मंगले सांगताना विद्येच्या जोडीने शिल्पाचाही, म्हणजे हातच्या कसबाचाही, उल्लेख केला आहे. बाबासाहेबांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाच्या डोंगराखाली असताना, व्हायोलिन शिकण्यास घेतले होते. केवळ आनंदासाठी काही शिकण्याचा हक्क आपल्याही मुलांचा आहे.

मात्र हा आनंद निर्दोष राहावा म्हणून आम्ही पालकांपुढे तीन अटी ठेवतो.

पहिली अट निवडीची. काय करावयाचे ते मुलाने ठरवावे. शक्य असेल तर आपल्या घरी जे पिढीजात चालत आले त्याहून वेगळे काही त्याने शिकावे. वस्तीत कोणी गवंडी असेल, कोणी शिवणकाम करणारी असेल, कोणी सायकल दुरुस्त करणारा असेल. त्यांच्यापाशी चार दिवस बसावे.

दुसरी अट समतेची. सुट्टीत मुलगा हुंदडतो आणि मुलगी पाणी भरते, धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकरी थापते. वसतिगृहात दहा महिने बरोबरीने राहिलेल्या त्या मुलीची सुट्टी अशी घरकामात संपून जाते. म्हणून सुई मुलाच्याही हाती द्यावी आणि हातोडी मुलीच्याही. उन्हाळ्यात घरोघरी कुरडया, पापड, सांडगे यांची वाळवणे पडतात. ती घालण्यास आणि राखण्यास मुलगा-मुलगी दोघांनी बसावे.

तिसरी अट अशी, की या कामातून कमाईची अपेक्षा नसावी. मुलाने केलेली वस्तू बाजारात गेली, की छंदाची मजुरी होण्यास वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामांविषयी. पहिले काम गोधडीचे. जुनी लुगडी, धोतरे, विटलेल्या साड्या एकावर एक पसरून धावदोरा घातला, की गोधडी होते. कोणी तिला वाकळ म्हणतात. आजीकडून ती शिकावी. थर सरळ कसे पसरावेत, ते सरकू नयेत म्हणून आधी मोठे टाके कसे घालावेत, ठिगळे कोणत्या रंगसंगतीने जोडावीत, हे तिला ठाऊक असते. मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगध देशातील बांध घातलेली शेते पाहून तशा आखणीचे चीवर शिवावे, असे तथागतांनी आनंदांना सुचविल्याची कथा विनयपिटकात आहे. हे कळले, की ठिगळाची लाज वाटेनाशी होईल.

दुसरे काम कंदिलाचे. वैशाख पौर्णिमा बहुधा मे महिन्यात, म्हणजे ऐन सुट्टीत येते. श्रीलंकेत या पौर्णिमेसाठी घरोघरी कुटुंबे एकत्र बसून बांबूच्या कामट्यांचे आणि पातळ कागदाचे कंदील करतात. आपल्याकडचा जुना आकाशकंदीलही कामट्यांचाच. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घेऊन सहा चौकोन करावेत आणि ते कोपऱ्याशी कोपरा जोडून बांधावेत. मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. नुसता सांगाडा हाती घेतला तर चौकोन कलंडतात. पतंगी कागद ताणून चिकटविला आणि खळ वाळली, की तोच सांगाडा ताठ उभा राहतो. कामट्या तासण्याचे काम मात्र मोठ्या माणसाने करावे.

चौकोन कलंडतो आणि त्रिकोण का कलंडत नाही, हे ज्या मुलाला जाणून घ्यावेसे वाटेल त्याच्यासाठी तिसरे काम आहे. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करण्याला आयुष्य वाहिले. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे एवढ्या साहित्यावर त्यांनी भूमिती शिकविली. काड्यांचा गुल आधी खरवडून टाकावा, ट्यूबच्या तुकड्यांत काड्यांची टोके खोचावीत आणि त्रिकोण, चौकोन, पंचकोन करून दाबून पाहावेत. त्रिकोण तेवढा जागचा हलत नाही. पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाला बोटांनी कळते.

चौथे काम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. आठ कोरे कागद एकत्र अर्ध्यात दुमडावेत. घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत. जाड दोरा मधल्या छिद्रातून आत घालून वरच्या छिद्रातून बाहेर काढावा, तेथून खालच्या छिद्रात न्यावा आणि पुन्हा मधल्या छिद्रातून बाहेर काढून गाठ मारावी. बत्तीस पानांची वही तयार होते. या वहीत घरातील आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांविषयीच्या ओव्याही आहेत. जात्यावर दळणे घराघरांतून थांबले. त्या ओव्या पाठ असलेल्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. ज्या आजीला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, तिचे शब्द तिच्याच नातीने स्वतः शिवलेल्या वहीत लिहावेत, याहून मोठा स्वाध्याय आम्ही देऊ शकत नाही. ओव्या आठवत नसतील, तर आपले कुटुंब कोणत्या गावाहून कोठे आले, कोणी कोणते काम केले, दुष्काळात काय खाल्ले, हे विचारून लिहावे.

हे सर्व लिहिताना सर्वच घरे सारखी नाहीत, याचे भान आम्हांला आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. अशा कुटुंबातील मूल दिवाळीत घरी गेले, तर दाराला कुलूप असते; नाहीतर ते फडावरच्या कोपीत आईवडिलांपाशी जाते. तेथे पहाटेपासून कोयता चालू असतो. त्या आईकडे रोज एका तासाची मागणी करणे हा निर्दयपणा होईल. तिने निजण्यापूर्वी मुलाला एक ओवी किंवा एक आठवण सांगितली, तरी वहीचे एक पान भरेल. काही मुलांना परतावे असे घरच नसते. त्यांच्यासाठी सुट्टीतही वसतिगृहाची एक खोली उघडी राहावी, तेथे सुई, दोरा, कागद, कामट्या असाव्यात आणि आळीपाळीने एखादे शिक्षक-कुटुंब तेथे यावे, असे आम्हांला वाटते. दात्यांनी इमारतीच्या कोनशिलेइतकेच महत्त्व या खोलीला द्यावे, ही आमची विनंती आहे.

शाळेनेही आपले कर्तव्य ओळखावे. सुट्टीला निघताना प्रत्येक मुलाच्या पिशवीत सुई, दोऱ्याचे रीळ, थोडा पतंगी कागद आणि कोरे कागद घालणे फार खर्चाचे नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलांनी आणलेल्या वस्तू एका दालनात मांडाव्यात. त्यांना क्रमांक देऊ नयेत, बक्षिसे देऊ नयेत. वस्तूपाशी मुलाचे नाव आणि ज्यांच्याकडून ते शिकले त्यांचे नाव, अशी दोन नावे लिहावीत. आई, आजी, शेजारचे काका, कोणीही असो. ज्या पालकांची सही आजवर प्रवेश-अर्जावर अंगठ्याच्या रूपाने उमटली, त्यांचे नाव शिकविणाऱ्याच्या रकान्यात प्रथमच लिहिले जाईल. पालकांनी आपल्या मुलांसोबत त्या दिवशी शाळेत अवश्य यावे, एवढेच आमचे आग्रहाचे निमंत्रण.