रोम, फ्लॉरेन्स आणि अम्मींचे विजापूर



दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जायचे, एवढेच आमच्या घरात ठरले होते. कुठे, ते लेकीने परस्पर ठरवून टाकले. तिच्या वर्गमैत्रिणीचे वडील बोटीवर कामाला आहेत. वसईत अशी घरे पुष्कळ. त्यांनी पाठवलेले इटलीचे फोटो पाहून आमची सोळा वर्षांची कन्या वहीच घेऊन बसली. रोम तीन दिवस, फ्लॉरेन्स दोन, व्हेनिस दोन. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान रेल्वेने दीड तास, तिथून व्हेनिस दोन तासांवर. "अब्बा, विरारहून चर्चगेटला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच!" रोमची मोठी मशीदही तिने शोधली होती. 1995 साली तिचे उद्घाटन झाले. आम्ही नाही म्हणू नये, याची तजवीज.

आम्ही नाही म्हटले नाही. हिशेब मांडला. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 45. अम्मी, आम्ही दोघे, लेक आणि अकरा वर्षांचा मुलगा मिळून 405 युरो. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत नाहीत. प्रत्येकाचा 30,000 युरोचा प्रवासविमा, बँकेचे उतारे, बोटांचे ठसे. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यात अम्मींचा पासपोर्टच नाही. विमानाच्या भाड्यापर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा लेकीने वही मिटली. तिला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. शिक्षकाच्या पगारात हे कधीच होणार नाही असे नाही, पण यंदा नाही. वही कपाटात ठेवली आहे, फेकलेली नाही.

मग अम्मी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "इत्तेच शहरां देखने हैं तो मेरे तरफ चलो ना."

अम्मींची तरफ म्हणजे विजापूर. निकाह होऊन त्या वसईला आल्या त्याला पन्नास वर्षे होत आली, तरी बोली दखनीच आहे. मुले त्यांच्या 'नक्को' आणि 'हौ'ला हसतात. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो, म्हणून मुलांना एकदा सांगितले की विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहने 'किताब-ए-नवरस' ज्या दखनीत लिहिली, तिचीच ही लेक आहे. आजी बादशहाची भाषा बोलते म्हटल्यावर हसणे थोडे कमी झाले.

लेकीने तीच पद्धत इकडे लावली. सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, बिदर. सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर, पुढची दोन्ही अंतरे त्याहून जास्त. तिने त्यात हंपी आणि हैदराबादही घातले होते, ते आम्ही काढले. पाच माणसांत एक म्हातारे आणि एक लहान असेल तर रोज गाव बदलू नये. निम्मा दिवस बॅगा भरण्यात जातो आणि उरलेला लॉज शोधण्यात.

तिकिटे काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 2014 पासून या गावांची नावे विजयपुरा आणि कलबुर्गी अशी झाली आहेत. रेल्वेच्या यादीत जुने नाव शोधत आम्ही अर्धा तास घालवला. दुसरे म्हणजे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, आणि बिदरहून मुंबईची थेट गाडी रोज नसते. म्हणून आधी परतीचा वार पक्का केला आणि मग उलटे मोजत आलो. जाताना दादरला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सोलापूर. कर्नाटकात बायकांना एसटी फुकट असते म्हणून आमच्या सौभाग्यवती खूश होत्या, पण ती सवलत तिथल्या रहिवाशांनाच आहे.

मुलाचा प्रश्न एकच होता. इटलीतला घुमट मोठा की आपला? रोमच्या पँथियनचा घुमट आतून सुमारे 43 मीटर रुंद, गोलघुमट सुमारे 38. "म्हणजे आपण हरलो." हरलो नाही, बाळा. पँथियन गोल भिंतीवर बसला आहे. गोलघुमटाखालचा दिवाणखाना चौकोनी आहे. चौकोनावर गोल बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे? तिथल्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभ्या केल्या आणि मधे एकही खांब न ठेवता तो भार पेलला. मुहम्मद आदिलशाह 1656 साली वारला, त्याची ही कबर. वरच्या सज्ज्यात एका बाजूला कुजबुजले की दुसऱ्या बाजूला ऐकू येते. शाळांच्या सहली येण्याआधी सकाळीच गाठायचे, नाहीतर नुसता कल्ला ऐकू येईल. सज्ज्यापर्यंत जिना अरुंद आणि उभा आहे. अम्मी खाली सावलीत बसतील.

'मलिक-ए-मैदान' तोफेचेही त्याला सांगितले. ती 1549 साली अहमदनगरला ओतली, वजन पन्नास टनांच्या वर. ओतणारा मुहम्मद बिन हुसैन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा, आणि त्या मुलखाला रूम म्हणत ते रोमच्याच नावावरून. लेकीने वर पाहिले. "म्हणजे रोम आलेच!" तेवढ्यावर ती हसली, हेही आम्हाला पुरेसे वाटले.

गुलबर्ग्याला एकच मुक्काम. किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद पाहायची आहे. तिला उघडे अंगणच नाही, सगळी छताखाली. ख्वाजा बंदानवाज यांचा दर्गा आहेच. बिदरला मात्र आम्ही दोन रात्री मागून घेतल्या होत्या, शिक्षकाचा हट्ट म्हणून. महमूद गवानचा मदरसा 1472 चा. इराणातून आलेला हा वजीर. शत्रूंनी त्याच्या नावाने खोटे पत्र केले आणि 1481 साली सुलतानाने त्याला मारले. त्याच्या मदरशाचा एक मिनार आणि त्यावरच्या रंगीत फरशा अजून उभ्या आहेत.

आता खरी अडचण. विजापुरात अम्मींचे धाकटे भाऊ राहतात, आमचे मामू. नानांच्या पश्चात घराची वाटणी झाली तेव्हा अम्मींचा हिस्सा शरीयतने ठरलेला होता. मामूंनी हक्कसोडीचा कागद पुढे केला आणि अम्मींनी सही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. भावाला नाही कसे म्हणायचे, एवढेच. त्यानंतर अकरा वर्षे दोघे बोललेले नाहीत. आम्ही त्या वेळी गप्प बसलो, हे आज लिहिताना चांगले वाटत नाही.

मामूंना कळवायचे की नाही, यावर आम्हा नवराबायकोत दोन रात्री वाद झाला. एकाचे म्हणणे, आपल्या गावी जाऊन भावाच्या दारावरून पुढे जाणे शोभत नाही. दुसऱ्याचे, अम्मींना पुन्हा त्या उंबऱ्यावर उभे करू नये. अम्मींना विचारले तर म्हणाल्या, "लॉजमें रहेंगे. फोन नक्को." विषय संपला. बुधवारी पोहोचायचे, शुक्रवारी सकाळी गुलबर्ग्याला निघायचे, असे कागदावर आले.

आरक्षणाच्या आदल्या रात्री त्या स्वयंपाकघरात आल्या. आम्ही नावे, वये भरत होतो.

"जुम्मे के दिन निकलना जरूरी है क्या?"

आम्ही म्हणालो, "शनिवारी निघू शकतो. बिदरची एक रात्र कमी करावी लागेल."

"वो हर जुम्मे को जामा मशीद में नमाज पढता. निकलता तो थोडी देर बाहर बैठता, बचपन से आदत है." मग जरा थांबून, "मैं रिक्शे में बैठूंगी. तुम लोगां मिल लेना."

बिदरची एक रात्र आम्ही कापली. तिकिटे निघाली आहेत, पाच, पैकी अम्मींची खालची बर्थ. परवा त्यांनी लेकीला बोलावून विचारले, वसईची सुकेळी विजापूरपर्यंत टिकतात का. लहानपणी तो केळ्यासाठी रडायचा म्हणे.